दोन हजार म्हणजे नेमके किती

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, वाळूच्या प्लांटच्या पॅनेलसमोर, पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी मी जवळजवळ तीन तास एकाच दिव्याकडे पाहत उभा होतो. यंत्राला संगणकाशी तारेने जोडणाऱ्या इथरनेट मॉड्यूलच्या तोंडावरच्या दिव्यांपैकी ‘रन’ लागला होता, ‘इनिट’ लागला होता, केबल १०० मेगाबिटने जोडली गेल्याचे सांगणारा दिवाही लागला होता. ‘ओपन’ तेवढा लागत नव्हता. लॅपटॉपवरून पिंग केले, म्हणजे नुसती हाक मारून पाहिली, की मॉड्यूल तत्काळ उत्तर देत होते. म्हणजे तार शाबूत होती, पत्ता बरोबर होता, मॉड्यूल जिवंत होते, आणि तरीही ज्या कामासाठी ते रॅकमध्ये बसवले होते ते काम होत नव्हते. साच्यांच्या वाळूतला ओलावा आणि मिक्सरच्या मोटरचा करंट दर पाच सेकंदांनी संगणकात नोंदवायचा होता. कास्टिंग घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाने अशी अट घातली होती की, कुठल्याही दिवशी ओतलेल्या मालाची वाळू त्या वेळी कशी होती हे कारखान्याला दाखवता आले पाहिजे. तोवर ही नोंद शिफ्टचा माणूस तासातून एकदा वहीत करत असे, आणि काम अंगावर आले की चार तासांचे आकडे एकदम भरले जात.

या कामाला आमच्याकडे ‘कम्युनिकेशन लावणे’ म्हणतात. तिसऱ्या रेल्वे गेटापासून खानापूर रस्त्याने उद्यमबाग आणि पुढे मच्छेपर्यंत पसरलेल्या फाउंड्र्या, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने, तसेच चिक्कोडी, रायबाग, अथणी या बाजूंचे साखर कारखाने, एवढ्या टापूत मी गेली कित्येक वर्षे हेच काम करतो आहे. यंत्र चालवणारा छोटा संगणक, म्हणजे पीएलसी किंवा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर, बहुधा आधीपासून असतो आणि आपले काम तो इमानाने करत असतो. भट्टीचे पाणी कमी झाले की भट्टी बंद करणे, गव्हाणीत ऊस जास्त झाला की तिचा वेग उतरवणे, हे सारे तो कुणालाही न सांगता करतो. त्याला बोलते करायचे असते. त्यासाठी त्याच्या रॅकमधल्या मोकळ्या जागेत एक मॉड्यूल सरकवायचे, त्याला पत्ता द्यायचा, केबल लावायची आणि पलीकडच्या संगणकाला किंवा दुसऱ्या पीएलसीला त्याच्याशी बोलायला शिकवायचे. सांगायला हे चार वाक्यांत मावते. मात्र कुठल्याही कारखान्यात या कामाला दोन तास लागतील की दोन दिवस, हे मी आजही आधी सांगू शकत नाही, आणि त्यामागचे कारण मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट कळले.

पीएलसी आणि इथरनेट यांचे मूळ वेगवेगळे आहे. पहिला प्रोग्रॅमेबल कंट्रोलर डिक मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस बनवला, तो मोटारींच्या कारखान्यांतल्या रिलेंनी, म्हणजे विजेच्या खटक्यांनी, भरलेल्या कपाटांना पर्याय म्हणून. इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात मांडली, ती एका इमारतीतले संगणक आणि छपाईयंत्र एकमेकांना जोडण्यासाठी. एक वर्कशॉपमध्ये वाढला आणि दुसरे ऑफिसात. सुरुवातीच्या इथरनेटमध्ये सगळी यंत्रे एकाच तारेवर बोलत. दोघे एकदम बोलले की टक्कर होई, आणि दोघेही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करत. ऑफिसात पत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा छापले तरी कुणाचे अडत नाही, पण यंत्राला थांबण्याचा हुकूम कधी पोचेल याची खात्री नसलेली तार वर्कशॉपवाल्यांनी बराच काळ दूर ठेवली, आणि ते योग्यच होते. पुढे सगळ्या तारा एका जागी आणणारे स्विच आले, प्रत्येक यंत्राला स्वतःची वेगळी वाट मिळाली, दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलता येऊ लागले, आणि मग कंट्रोलरच्या रॅकमध्ये इथरनेटचे मॉड्यूल दिसू लागले. हे दोघे एकत्र आले तेव्हा प्रत्येकाने आपापली जुनी मोजदाद सोबत आणली. माझ्या कामातल्या निम्म्याहून अधिक अडचणी या मोजदादीच्या आहेत.

तारेपासूनच सांगतो, कारण तारेतही मोजण्याचाच प्रश्न लपलेला असतो. इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्या दोन-दोन करून पिळलेल्या असतात. या पिळाला फार महत्त्व आहे. शेजारच्या मोटरच्या केबलमधून जो उपद्रव येतो तो पिळामुळे जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो, आणि घेणारे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा पाहत असल्यामुळे सारखा पडलेला उपद्रव आपोआप वजा होतो. १०० मेगाबिटच्या जोडणीत १ आणि २ क्रमांकाची एक जोडी व ३ आणि ६ क्रमांकाची दुसरी जोडी वापरली जाते. त्यामुळे कनेक्टरमध्ये तारा लावताना पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा यांच्यानंतर हिरवा न येता निळा येतो, मग पांढरा-निळा, आणि त्यानंतर हिरवा. नव्याने पाहणाऱ्याला हा क्रम चुकल्यासारखा वाटतो.

चिक्कोडीकडच्या एका साखर कारखान्यात गव्हाणीच्या ड्राइव्हरूमपासून मिल हाउसच्या कंट्रोल रूमपर्यंत सुमारे सत्तर मीटर केबल ओढलेली होती. कारखाना बंद असताना सगळे सुरळीत चालले. मोळी टाकून गाळप सुरू झाले आणि त्याच दिवशी जोडणी तुटू लागली. दहा मिनिटे चाले, दोन मिनिटे बंद पडे. केबल टेस्टर लावला तर आठही दिवे क्रमाने लागत होते. मी कनेक्टर हातात घेऊन उजेडात धरला आणि पारदर्शक प्लास्टिकमधून रंग वाचले. हिरव्याची जोडी ३ आणि ४ वर होती, निळ्याची ५ आणि ६ वर. ज्या वायरमनमामांनी ते केले होते त्यांनी अतिशय नीटनेटके काम केले होते. जोडीशेजारी जोडी ठेवली होती आणि दोन्ही टोकांना तोच क्रम राखला होता. टेस्टरच्या दृष्टीने एकची तार एकला आणि सहाची तार सहाला पोचत होती. पण ३ आणि ६ वर एकमेकींशी कधीही न पिळलेल्या दोन तारा आल्या होत्या, आणि बाजूच्या ट्रेमधून मोठ्या ड्राइव्हची, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राची, केबल जात होती. ड्राइव्ह बंद असेपर्यंत कुणाला काही कळले नाही. तारा पोचल्या होत्या, जोडी मोडली होती. तेव्हापासून क्रिम्पिंगचा क्रम चुकलेला कनेक्टर मी कापून नव्या वायरमनच्या हातात देतो आणि त्याला स्वतःलाच रंग मोठ्याने वाचायला लावतो. टेस्टरच्या आठ दिव्यांवर माझा विश्वास उरलेला नाही.

त्याच कारखान्यात दुसऱ्या एका हंगामात पत्त्याचा घोळ झाला, आणि तो आमच्या भागातच होऊ शकतो असा आहे. प्रत्येक मॉड्यूलला दोन पत्ते असतात. एक कारखान्यातून निघतानाच त्याच्यावर कोरलेला, जगात दुसऱ्या कुणाचा नसलेला, बारा अंकी-अक्षरी. आणि दुसरा आपण दिलेला आय. पी. पत्ता, चार आकड्यांचा. पहिला जन्मखुणेसारखा आहे, दुसरा गावातल्या घराच्या नंबरासारखा. घर बदलले की नंबर बदलतो आणि एकच नंबर दोन घरांना दिला गेला की टपाल कुणाच्याही दारात पडते. नवे मॉड्यूल घरचा कुठला नंबर घेऊन येईल हे बनवणाऱ्याच्या पद्धतीवर ठरते. रॉकवेलची बरीचशी मॉड्यूल कोऱ्या पाटीने येतात आणि चालू झाल्यावर ‘मला कुणी पत्ता द्या’ अशी हाक घालत राहतात. ओमरॉनच्या मॉड्यूलवर स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या बारीक चकत्या असतात, आणि त्यांच्यावर लावलेला नोड क्रमांक पत्त्याच्या शेवटच्या आकड्याशी जुळवून ठेवला तर पुढचे काम सोपे होते. ही चकती सोळाच्या हिशेबाने मोजते, म्हणजे नऊनंतर ए ते एफ ही अक्षरे येतात आणि सोळाला १० लिहितात, त्यामुळे पत्त्यातला २० हा चकत्यांवर १ आणि ४ असा लावावा लागतो. मित्सुबिशीच्या क्यू मालिकेतले मॉड्यूल १९२.०.१.२५४ असा पत्ता गृहीत धरून येते, आणि आपण सवयीने १९२.१६८ वाचून त्याला शोधत बसलो तर ते सापडत नाही.

त्या दिवशी मी बेळगावात ऑफिसमध्ये होतो आणि कारखान्याचे इलेक्ट्रिकल सुपरवायझर फोनवर होते. ते कन्नड बोलणारे. माझ्याशी ते मराठी बोलतात आणि मी त्यांच्याशी जमेल तसे कन्नड बोलतो, आमच्याकडे ही नेहमीची गोष्ट आहे. पण आकडा आला की माणूस आपल्या मातृभाषेत जातो. मागे बॉयलरचा आवाज होता. नव्या मॉड्यूलसाठी मोकळा पत्ता कुठला, असे मी विचारले. त्यांनी शेवटचा आकडा सांगितला तो ‘इप्पत्तु’, म्हणजे वीस. मी ऐकला तो ‘एप्पत्तु’, म्हणजे सत्तर. मी सेटिंगमध्ये १९२.१६८.१.७० भरून फाइल पाठवली, त्यांनी ती डाउनलोड केली, आणि थोड्याच वेळात बॉयलरच्या ऑपरेटरसमोरचा पडदा गोठू लागला, कारण ७० हा पत्ता आधीच त्या पडद्याचा होता. स्विच आणि संगणक कधी या दाराला टपाल देत होते, कधी त्या दाराला. बॉयलरचे संरक्षण पीएलसीत स्वतंत्रपणे चालत असल्यामुळे धोका झाला नाही, पण ऑपरेटरला ड्रममधल्या पाण्याची पातळी पाहण्यासाठी अर्धा तास गेज ग्लासपाशी माणूस उभा करावा लागला. फोनवर पत्ता ऐकून भरण्याची चूक माझी होती, आणि मी ती कारखान्यात जाऊन सांगितली.

मराठीतही हे टळत नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, गोंगाटात सारखेच ऐकू येतात. तेव्हापासून आम्ही दोघांनी एक रीत ठरवली आहे. पत्ता फोनवर सांगायचा झाला तर एकेक अंक सुटा सांगायचा, ते ‘एरडु, सोन्ने’ म्हणतात, मी ‘दोन, शून्य’ असे परत म्हणतो, आणि मग पडद्याचा फोटो पाठवल्याशिवाय कुणीही काही डाउनलोड करायचे नाही. दोन भाषांमध्ये राहणाऱ्या माणसांना आपला गैरसमज होऊ शकतो याची सवय असते, म्हणून ती परत विचारतात. यंत्रे परत विचारत नाहीत.

फाउंड्रीतल्या त्या संध्याकाळी नेमके हेच झाले होते. नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर मुंबईच्या एका माणसाने लिहिले होते आणि तो फोनवर होता. पिंग लागते आहे आणि तरी जोडणी होत नाही, याचा अर्थ घर सापडले आहे पण दार सापडत नाही असा होतो. एका पत्त्यावर हजारो दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येक प्रकारचे संभाषण ठरलेल्या दारातून आत जाते. मॉडबस या यंत्रांच्या भाषेचे दार ५०२, सीमेन्सच्या कंट्रोलरचे १०२, ओमरॉनच्या फिन्स या भाषेचे ९६००. आमच्या मित्सुबिशीच्या कंट्रोलरमध्ये दार कुठले उघडायचे हे मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये आपणच ठरवायचे होते. आम्ही दोघांनी सकाळीच ठरवले होते, पोर्ट २०००. मी मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये २००० भरले होते, त्याने सॉफ्टवेअरमध्ये २००० भरले होते, आणि संध्याकाळी सहापासून आम्ही एकमेकांना तेच विचारत होतो: ‘तुमच्याकडे दोन हजारच आहे ना?’ ‘होय, दोन हजारच.’ दोघेही खरे बोलत होतो.

शेवटी मी लॅपटॉपवर तारेतून जाणारी माहितीची पाकिटे पाहायला सुरुवात केली. संगणक २००० क्रमांकाच्या दारावर टकटक करत होता आणि मॉड्यूल प्रत्येक वेळी ‘इथे कुणी नाही’ असे स्पष्ट सांगून परत पाठवत होते. उत्तर येत होते हे महत्त्वाचे. उत्तरच आले नसते तर मी तार किंवा फायरवॉल शोधत बसलो असतो. मग मी मॉड्यूलचे पुस्तक पुन्हा उघडले, आणि ज्या पानावरून मी सकाळी दोनदा गेलो होतो त्याच पानावर पोर्टची मर्यादा ४०१ ते १३८७ आणि तिथून पुढे १३८बी ते एफएफएफई अशी छापलेली दिसली. १३८७ हा आकडा मला विचित्र वाटला होता, तो का तेवढ्यावर थांबतो असे मनात आले होते, आणि मी पुढे गेलो होतो. प्रत्येक आकड्यापुढे एच हे अक्षर होते. तो आकडा सोळाच्या हिशेबाचा होता. सोळाच्या हिशेबातला १३८८ म्हणजे आपल्या दहाच्या हिशेबातला ५०००, आणि ५००० ते ५००२ ही दारे मॉड्यूलने स्वतःसाठी राखून ठेवलेली असतात, म्हणून मर्यादा त्याच्या आधी थांबते. मी ज्या चौकटीत २००० भरले होते ती चौकटही सोळाच्या हिशेबाने वाचणारी होती. मॉड्यूलने ८१९२ क्रमांकाचे दार उघडून ठेवले होते आणि सकाळपासून ते तिथेच वाट पाहत बसले होते.

मी मुंबईच्या माणसाला म्हटले, ‘तुमच्याकडे ८१९२ घाला.’ त्याने विचारले, ‘आपले तर दोन हजार ठरले होते ना?’ मी म्हटले, ‘होय, हे त्याचेच दोन हजार आहेत.’ त्याने घातले, आणि ‘ओपन’ लागला.

मला अजूनही वाटते की, आकड्यांच्या या घोळाची गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यातच सांगितली पाहिजे, सब्नेट मास्क आणि गेटवे शिकवण्याच्याही आधी. कारण हा घोळ पोर्टपुरता थांबत नाही. मित्सुबिशीच्याच छोट्या एफएक्स मालिकेत इनपुटचे क्रमांक आठाच्या हिशेबाने चालतात, एक्स ७ नंतर एक्स १० येतो, आठ आणि नऊ येतच नाहीत. मोठ्या क्यू मालिकेत तेच क्रमांक सोळाच्या हिशेबाने चालतात, तिथे एक्स ९ नंतर एक्स ए येतो. मॉडबसमध्ये आणखी वेगळी गंमत आहे. ही भाषा मॉडिकॉन या कंपनीने १९७९ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक कारखान्यात कुठेतरी चालू असते. तिच्या कागदपत्रांत पहिले रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवण्याची पहिली खोली, ४०००१ असे लिहिलेले असते, पण तारेवर प्रत्यक्ष जाते ते शून्य. कागद एकपासून मोजतो, तार शून्यापासून मोजते. त्यामुळे मीटरच्या पुस्तकात ४००११ पाहून संगणकात अकरा मागितले तर शेजारच्या खोलीतले सामान हातात येते. आणि शेजारचे सामानही बहुधा आकडाच असल्यामुळे काही चुकले आहे हे कळायला दिवस जातात. व्होल्टेजच्या जागी दुसऱ्या फेजचे व्होल्टेज येत असेल तर कुणाला संशय येणार?

सगळ्यात फसवा प्रकार दशांशाच्या आकड्यांचा. दशांश असलेला आकडा बत्तीस बिटांचा असतो, रजिस्टर सोळा बिटांचे, म्हणून एका आकड्याला दोन रजिस्टरे लागतात. आधी कुठला अर्धा पाठवायचा यावर यंत्रे बनवणाऱ्यांचे एकमत नाही. एका कारखान्यात बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान पडद्यावर सतत शून्य दिसत होते. इन्स्ट्रुमेंटच्या माणसांनी सेन्सर दोनदा बदलला, ट्रान्समीटर बदलला, केबलही तपासली. ट्रान्समीटरच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर ९५.५ दिसत होते. ९५.५ हा आकडा सोळाच्या हिशेबात लिहिला की पहिला अर्धा ४२बीएफ येतो आणि दुसरा ००००. हे दोन अर्धे उलटे लावले की जो आकडा तयार होतो तो शून्याच्या इतका जवळ असतो की कितीही दशांश दाखवले तरी पडद्यावर शून्यच उमटते. दोन अर्ध्यांचा क्रम बदलण्याची खूण सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकची होती. तोवर दोन चांगले सेन्सर भंगाराच्या पेटीत गेले होते. ते मी उचलून, तपासून परत स्टोअरला दिले, आणि स्टोअरकीपरने ते ‘चालू’ म्हणून पुन्हा नोंदवले याचे मला समाधान आहे.

एका सेटिंगबद्दल माझे मत ठाम आहे. मित्सुबिशीच्या त्या मॉड्यूलमध्ये, कंट्रोलर चालू असताना बाहेरून त्यात आकडे लिहू द्यायचे की नाही, यासाठी एक वेगळी चौकट असते. ती रिकामी ठेवली की संगणक वाचू शकतो, लिहू शकत नाही. नवखा माणूस वाचन चालते आणि लेखन का चालत नाही म्हणून हैराण होतो, मग कुणीतरी त्याला ही चौकट दाखवते, आणि त्या दिवसापासून तो प्रत्येक ठिकाणी खूण करत जातो. नोंदीच ठेवायच्या असतील तर ती चौकट रिकामीच राहिली पाहिजे. मॉडबसमध्ये तर कुलूपच नाही. १९७९ मध्ये तारेच्या दोन्ही टोकांना ओळखीचीच यंत्रे असत, त्यामुळे कोण विचारतो आहे हे तपासण्याची सोय त्या भाषेत ठेवलेली नाही. ज्याला पत्ता आणि दार माहीत आहे तो मिक्सरमधले पाण्याचे प्रमाण बदलू शकतो. कंट्रोलरवर हल्ला करणारे स्टक्सनेट हे घातकी सॉफ्टवेअर २०१० मध्ये उघडकीस आले तेव्हा आमच्यापैकी अनेकांना ते दूर देशीचे प्रकरण वाटले. आज कारखान्याच्या मालकाला घरी बसून मोबाइलवर भट्टीचे तापमान हवे असते, आणि हौशी माणूस ऑफिसच्या वायफायची केबल सरळ पॅनेलमधल्या स्विचला लावून मोकळा होतो. अशी केबल दिसली की मी ती काढतो आणि का काढली हे मालकांना समोर बसून सांगतो. काहींना राग येतो. पण दीड टन वितळलेले लोखंड ज्या भट्टीत उकळते आहे तिच्या कंट्रोलरचे दार रस्त्यावर उघडे ठेवणे मला मान्य नाही.

या सगळ्यावर माझ्याकडे जो उपाय आहे तो वहीचा आहे. प्रत्येक पॅनेलच्या दाराच्या आत ड्रॉइंग ठेवण्याचा खण असतो, त्यात मी प्लास्टिकच्या पिशवीत शंभर पानी वही ठेवतो. संगणकातली फाइल हरवते, लॅपटॉप बदलतो, ज्याने सॉफ्टवेअर लिहिले तो नोकरी सोडून जातो. पॅनेलच्या दारातली वही पॅनेलबरोबर राहते. पहिल्या पानावर यंत्राचे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण दुसऱ्या शिफ्टला वही कोण उघडेल हे सांगता येत नाही. खाली मॉड्यूलचा कोरलेला पत्ता, दिलेला पत्ता, मास्क, चकत्यांचे आकडे. पोर्ट दोन्ही हिशेबांत, दहाच्या आणि सोळाच्या, मध्ये बरोबरचे चिन्ह काढून. रजिस्टर कागदावरचे आणि तारेवरचे. दशांशाच्या आकड्यांत कुठला अर्धा आधी, आणि पडताळ्यासाठी एक खरा आकडा, उदाहरणार्थ ९५.५ बरोबर ४२बीएफ, ००००. कुणी काय बदलले आणि कुठल्या तारखेला. वाळूच्या प्लांटमध्ये बेंटोनाइट या चिकणमातीची बारीक पूड सगळीकडे जाऊन बसते, पिशवीतही शिरते, आणि वहीची पाने करडी होतात. म्हणून शाईच्या पेनने न लिहिता मी बॉलपेनने दाबून लिहितो, म्हणजे अक्षर पुसट झाले तरी बोटाला लागते.

गेल्या पावसाळ्यात त्याच फाउंड्रीतून रात्री साडेअकराला फोन आला. नोंदी ठेवणारा संगणक विजेच्या दणक्याने गेला होता, नवा आणून त्यावर सॉफ्टवेअर घातले होते, आणि सकाळच्या पहिल्या ओतण्याआधी नोंदी सुरू व्हायला हव्या होत्या. फोनवर येळ्ळूरचा एक मुलगा होता, आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी लागलेला. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, ‘सर, वही काढून बसलोय.’ त्याने पत्ता एकेक अंक सुटा वाचला, मी परत म्हटला. मग तो पोर्टच्या ओळीवर थांबला. मागे मिक्सर चालू नव्हता, पत्र्यावर पाऊस वाजत होता.

‘सर, इथे २००० बरोबर ८१९२ असं लिहिलंय. ह्या सॉफ्टवेअरला कुठल्या हिशेबातलं पाहिजे? त्याच्या चौकटीत एच दिसत नाही.’

‘ए, बी, सी टाकून बघ, घेते का?’

चार-पाच किल्ल्यांचा आवाज आला. ‘नाही घेत. नुसते आकडेच घेतंय.’

‘मग दहाचं आहे.’

‘म्हणजे ८१९२,’ तो म्हणाला, आणि फोन टेबलावर ठेवून पॅनेलकडे गेल्याचे पावलांवरून कळले.